शक्यतो

डोळ्यांच्या दवाखान्यात नव्या तंत्रज्ञान खात्याच्या सचिवबाई थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे उपसचिव मांडीवर कागद घेऊन. त्यांच्या पलीकडच्या आजींची पाळी यायची होती. आजींचा सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. छापलेलं काही दिसलं, की नजर तिकडे वळायचीच.

“वाचा,” सचिवबाई म्हणाल्या. “उद्या हे मंत्रिमंडळापुढे जायचंय.”

“‘पेन्शनचे आणि उपचारांच्या मदतीचे अर्ज एआय तपासेल.’”

“पुढे?”

“‘अर्ज फेटाळण्यापूर्वी तो माणसाने वाचावा.’”

“एवढ्या एका वाक्यासाठी दोन वर्षं भांडले हो मी. आणा, सही करते.”

“बाई, एक शब्द वाचायचा राहिला,” आजी म्हणाल्या.

“आजी, हे सरकारी कागद आहेत. तुम्ही मध्ये...”

“थांबा हो तुम्ही. कुठला शब्द, आजी?”

“‘शक्यतो’. ‘तो शक्यतो माणसाने वाचावा’, असं आहे इथे.”

“काय हो, साहेब?”

“मॅडम, ते वरून सुचवलं होतं... आणि वाचताना जरा नजरचूक झाली.”

“थेंब माझ्या डोळ्यांत घातलेत. तुमच्या नाही.”

उपसचिवांनी पेन काढलं.

“खोडा तो शब्द.”

“वरचे विचारतील, मॅडम.”

“वरच्यांचं मी बघते. आजी, खोडला का यांनी?”

“खोडला. पण रेघेखाली अजून वाचता येतोय.”

“पुन्हा खोडा.”

“आता गेला, बाई.”

“मग सही कुठे करायची, तिथे तुम्हीच बोट ठेवा.”