दानूची ओवी

हॅलो?

हो, मुलींचं वसतिगृहच. मी मार्थाबाई बोलून राहिली… पारशिवनीहून? द्या, जोडून द्या.

हॅलो… रिबका? अवं हळू बोल, फोन आहे तो, मी नदीच्या पल्याड नाही उभी. भैयाजीच्या दुकानातून काय?… बरं. मायले काय झालं ते सांग आधी.

मार्थाबाई उभ्याच होत्या. बाहेरगावचा फोन आला की त्यांना कधी बसवत नसे. नागपुरात इतकी वर्षं काढली, तरी लांबून येणारी बातमी त्या उभ्यानंच ऐकत.

ताप? नाही?… मग जेवत काहून नाही?… जात्यावरून उठून गेली? अवं ऐक ना, एक एक सांग. माय डाळ भरडून राहिली होती, ओवी म्हणून राहिली होती. मग?… आनंदराव काय बोलले?

आनंदराव म्हणजे धाकट्या बहिणीचा, रिबकाचा नवरा. नुकताच उपदेशकाचं शिक्षण संपवून सासूच्या गावी आला होता. मुंगीलाही वाट करून देणारा माणूस.

हो, हो… शास्त्र देवाच्या श्वासातून आलं, त्यात आपल्या पदरचं घालू नये. बरोबरच आहे त्यायचं, मी कुठं नाही म्हणते. पण ओवी कोणती होती वं?

…येशूजवळ लेकरं आली, ती? दानूचं नाव येते, ती?

मार्थाबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

रिबका, दानू कोण, माहीत आहे तुले?… ओवीतलं नाव, बस, इतकंच?… नाही वं. आपला भाऊ होता तो. माझ्या पाठचा. तू नव्हती तवा… रांगतही नव्हता, तापानं गेला. बाप्तिस्मा राहून गेला त्याचा. पाद्रीसाहेबांची बैलगाडी आपल्या गावाले उन्हाळ्यातच यायची, अन् तो त्याच्या आधीच… हो. जात्यावर बाया भावाचं नाव घेतात, लेकाचं घेतात, तसं मायनं त्याले त्या ओवीत ठेवलं. दुसरीकडं कुठं ठेवीन ती?

अवं, रडू नको. गिऱ्हाईक असंल दुकानात… भैयाजी पाणी देऊन राहिले? पी मग… नाही, आनंदरावचा काय दोष? त्यायले कोणी सांगितलं होतं? तिथंच उभे आहेत?… दे त्यायच्याजवळ.

सलाम, आनंदराव… माफी मले कायची मागता? तुम्ही शिकले तेच बोलले. मले एक सांगा फक्त. लोकं येशूजवळ लेकरं घेऊन आले, त्या लेकरायची नावं किती आहेत शास्त्रात?… एकही नाही ना? मीही शोधली होती. देवानं लिहून घेतलं, अन् नावांची जागा तेवढी रिकामी राहू दिली. मले वाटते, मायायसाठी राहू दिली… नाही, शिकवून नाही राहिली तुम्हाले. मले वाटते, बस.

मायले आणा. घर मागंच तर आहे… नाही, रिबका नाही. तुम्हीच आणा, हात धरून.

हो ऑपरेटर, चालू आहे. वाढवा.

रिसीव्हरमधून दुकान ऐकू येत होतं. तराजूचं पारडं वाजलं, कोणीतरी गूळ मागितला. मार्थाबाईंना जातं आठवलं. माय एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, मुठीनं दाणे टाकत. ते नाव आलं की मायचा हात थांबत नसे, पण खुंटा एकाएकी जड व्हायचा.

माय?… मी, मार्था… उलटं धरलं असंल, तार खालून येऊ दे… हां, आता आलं.

जेवली काहून नाही?… पाप? कायचं पाप?… पुस्तक जसंच्या तसं आहे, माय. तू काय घालशील त्यात, तुले लिहिता कुठं येते?… हासली ना? हासली तू, मले ऐकू आलं.

…काय म्हटलं?

…दानू येशूजवळ आहे का, हे इचारून राहिली?

इतक्या वर्षांत मायनं हे कधी विचारलं नव्हतं. ओवीच विचारायची आणि ओवीच उत्तर द्यायची. ओवी बंद पडली, तेव्हा प्रश्न उघडा पडला.

माय, ऐक… तारण पाण्यानं नाही होत. त्याच्या कृपेनं होते. पाणी पाद्रीसाहेबांच्या हातचं, कृपा त्याच्या हातची. पाद्रीसाहेबांची गाडी उशिरा आली, म्हणून तोही उशिरा आला असंल काय?… नाही ना?… नाहीच.

म्हण ना एकदा… लाजते कायले? आपलेच आहेत सगळे… मी धरू? येशूच्या दारामंदी, लेकरं आली किती…

हां…

माय? थांबली काहून?… ऑपरेटर, थोडं थांबा, दादा, एक ओळ राहिली…

कोण बोललं ते?… आनंदराव, तुम्ही?… हो. हो, दानूच. दानू माझा बाई… म्हणा तिच्यासंगं, तुम्हीही म्हणा…

हॅलो?

हॅलो…

फोन मुका झाला होता. "बसे मांडीवरती," मार्थाबाई त्याच्यातच म्हणाल्या. मग त्यांनी रिसीव्हर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसल्या.