वहिनीच्या बांगड्या

आमच्या मारेगावच्या विलासभाऊनं, वहिनी गेल्यावर, टेपसाठी भारी वायर आणली. आता वायरीनं काय होते, सांग बरं! मले अन् टेप मेकॅनिक रफिकले चहाले बोलावलं, वहिनीच्या भजनाची कॅसेट लावली.

"ऐका, टाळी वाजवताना तिच्या बांगड्या वाजून राह्यल्या. जुन्या वायरीत येतच नव्हत्या."

मले गाणं अन् खरखर, एवढंच ऐकू आलं. रफिक मात्र म्हणे, "हो भाऊ, एकदम साफ."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "काहून खोटं बोलला बे? कुठी होत्या बांगड्या?"

"कुठून येतीन? ते भजन मीच रेकॉर्ड केलतं. माइकात आवाज येते म्हणून वहिनीले बांगड्या काढून ठेवायले लावल्या होत्या."