बाहेरचं तापमान

वैमानिकांना तब्येतीचा दाखला देणाऱ्या कचेरीत माझ्या शेजारच्या बाकावर एक वैमानिक आणि त्याची बायको बसली होती. डोक्यावरचा पंखा बंद होता. त्यालाही मंजुरी आली नसावी.

“डॉक्टर तर म्हणाले ना, हृदय ठणठणीत आहे?”

“ते म्हणाले. पण साहेबांची सही झाल्याशिवाय मला उडता येत नाही.”

“मग साहेब कुठायत?”

“आजारी रजेवर.”

“बाई गं! म्हणजे अजून तुम्ही घरातच. काल स्कूटरला किक मारण्याआधी मला बाहेरचं तापमान सांगितलंत. शेजारीण हसत होती.”

“सवय आहे गं.”

“वर पट्टा बांध म्हणालात.”

“थांब, ऐक. विमान उतरतंय. आत्ता चाकं बाहेर काढली त्याने.”

“तुम्ही कधी काढली असती?”

“जरा आधी.”

तेवढ्यात खिडकीतून कारकून म्हणाला, “पुढच्या महिन्यात या.”

“चला, उठा. टेकडीच्या रस्त्याने घरी जाऊ. उतारावर स्कूटर सोडा जोरात.”

“तू घाबरतेस.”

“घाबरते तर घाबरते. निघण्याआधी बाहेरचं तापमान तेवढं सांगा.”