खिशातली शिट्टी
डोंगरभटक्यांच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभ्या मास्तरांचे कान पुढच्या नवराबायकोकडे लागले होते.

"अहो, ही छोटी पेटी बघा. काडेपेटी, मलमपट्टी, उबेची कागदासारखी पातळ चादर, शिट्टी. खिशात मावते."

"शिट्टी मागच्या वेळीही होती."

"मग दोन दिवस वाजवली का नाहीत?"

"खालून माणसं जात होती गं. म्हणाली असती, पन्नाशीचा घोडा आणि वाट चुकला!"

"तुम्हालाच शोधत होती ती!"

"ते मला काय माहीत?"

"आत्ता वाजवा. इथे, सगळ्यांसमोर. नाहीतर डोंगर बंद."

"फुर्र."

"एवढ्यानं मांजरसुद्धा उठायचं नाही."

मग शिट्टी अशी वाजली, की मास्तरांच्या काखेतली छत्री आपोआप उघडली.

"सगळे बघतायत गं!"

"बघू देत. घ्या ती पेटी, आणि जा आता डोंगरावर."