बंपरावरचा निळा रंग

(गाड्यांच्या साफसफाईच्या सामानाचं दुकान. शहेजाद दुकानदार.)

शहेजाद : तो नको, काका. तो हेवी आहे. घरच्या गाडीला कुणी तो लावत नाही.

रंगराव : कुणी लावावा ते मी विचारलेलं नाही. सगळ्यात कडक कुठला, एवढंच विचारलं.

शहेजाद : कडक हाच. पण हा क्ले म्हणजे साबण नव्हे. गाडीच्या रंगावर जे बसलंय ते ओढून काढतो. हात नवखा असला, की जाताजाता वरची चकाकीही नेतो. धुकं धरल्यासारखे ओरखडे पडतात, मग पॉलिश करत बसा. तुम्ही हा पांढरा घ्या, फाइन. दाबून बघा, कणकेसारखा मऊ आहे.

रंगराव : कणीक घेऊन काय करू? पोळ्या लाटू?

शहेजाद : बरं, मग हा मधला. नाहीतर हातमोजा आहे. याच्या एका अंगाला क्लेचाच थर असतो. काम पटकन होतं आणि खाली पडला तर धुऊन घेता येतो. क्लेची वडी मात्र पडली की फेकायची. खडा चिकटला असेल, तर आपल्याच हाताने गाडी खरवडली जाते.

रंगराव : पटकन म्हणजे किती? संध्याकाळी मुलगी यायची आहे. त्याच्या आत निघायला हवं.

शहेजाद : ते काय बसलंय त्याच्यावर आहे. सिमेंट आहे? का सोसायटीचं रंगकाम चाललंय, त्याचे शिंतोडे उडालेत?

रंगराव : चीक. झाडाचा.

शहेजाद : कुठलं झाड?

रंगराव : झाड. खाली खोड, वर पानं. तुम्ही पूर्वी वनखात्यात होता का?

शहेजाद : तसं नाही, काका. चिकाला क्ले लागतच नाही कधीकधी. बाहेर ती पांढरी उभी आहे, काकू बसल्यात आत, तीच ना? चला, बघून घेऊ.

रंगराव : बघायची गरज नाही. तो कडकवाला द्या आणि त्याच्यासोबत फवारायचं जे काय असतं ते द्या.

शहेजाद : दोन मिनिटांचं काम आहे. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून फिरवायचा, काय खडबडीत आहे ते लगेच कळतं.

रंगराव : नको म्हटलं ना! एक वस्तू मागितली, तर चौकशी कसली करता?

वेणूबाई : अहो, ओरडताय काय? बाहेरपर्यंत ऐकू येतंय. हवा भरायला जाऊ म्हणालात, इथे तर हवेचं मशीनसुद्धा नाही.

रंगराव : तू गाडीत बस, वेणू.

वेणूबाई : उकडतंय गाडीत. काय घेताय?

शहेजाद : क्ले घेतायत, काकू. गाडीवर चीक पडलाय म्हणे. तेच म्हणतोय, बघू दे मला एकदा.

वेणूबाई : चीक? आपल्या पार्किंगला पत्रा आहे. चीक कुठून पडणार?

रंगराव : पडला कुठूनतरी.

वेणूबाई : दाखवा की मग त्यांना. या हो, तुम्ही या बाहेर.

शहेजाद : कुठल्या बाजूला आहे, काका? टपावर तर काही नाही. बॉनेटवर पण... हां. हे. डावीकडे, बंपरावर. चिखल कुणी फासला इथे?

रंगराव : उडाला असेल.

शहेजाद : बाकी गाडी लख्ख आहे. थांबा, पाणी मारतो. काकू, जरा सरका. हे बघा, आता फवारा मारला, आता पांढरी वडी. जोर द्यायचा नाही, नुसती सरकवायची. अशी.

वेणूबाई : काहीतरी निघालं.

शहेजाद : निघालं. पण हा चीक नाही.

वेणूबाई : निळं काय आहे ते?

शहेजाद : रंग आहे, काकू. दुसऱ्या गाडीचा. खालपर्यंत गेलाय, हा बघा पट्टा. स्कूटरबिटरचा असेल. घासला गेला की असाच येतो.

वेणूबाई : अहो, कुणाला घासलात?

रंगराव : पुसा तो. थांबलात का? हात चालवा.

शहेजाद : काका, उन्हात उभे राहू नका. आत चला, पंख्याखाली बसा.

रंगराव : आधी पुसा! निघतोय ना? निम्मा निघाला, बाकीचाही निघेल. तो कडकवाला आणा. ओरखडे पडू देत, मला चालतील ओरखडे.

वेणूबाई : बसा इथे पायरीवर. माझ्याकडे बघा. कुणी पडलं का?

रंगराव : माहीत नाही.

वेणूबाई : माहीत नाही म्हणजे?

रंगराव : माहीत नाही म्हणजे माहीत नाही, वेणू! काल चंद्रभागेच्या दारात चपला घालत होतो, इथपर्यंत आठवतं. तुझी बहीण म्हणाली, भावोजी, सावकाश जा. त्यानंतर एकदम आपलं पार्किंग. इंजिन चालू, माझे हात स्टिअरिंगवर, आणि बाहेर दिवे लागलेले. मधलं काही नाही. धायरीपासून कोथरूडपर्यंत गाडी कुणी आणली मला ठाऊक नाही.

वेणूबाई : मला म्हणालात, ट्रॅफिक होतं.

रंगराव : मग काय सांगायला हवं होतं? हरवलो होतो? कुठे हरवलो तेही सांगता येईना. जन्मभर या शहराच्या पाण्याच्या लाइनी टाकल्या मी. गल्लीन् गल्ली पाठ होती.

वेणूबाई : आणि हा रंग कधी दिसला?

रंगराव : सकाळी. पेपर घ्यायला खाली गेलो तेव्हा. कुंडीतली माती भिजवून फासली त्याच्यावर. आणि मग वर येऊन पेपर उघडला.

वेणूबाई : काय होतं पेपरात?

रंगराव : धायरीची बातमी. स्कूटरवरच्या बाईला मोटारीने उडवलं. बाई बेशुद्ध आहे. मोटार थांबली नाही.

वेणूबाई : देवा.

रंगराव : स्कूटर कुठल्या रंगाची ते लिहिलेलं नाही. मोटार कुठली तेही नाही. सकाळपासून तीच चार ओळींची बातमी वाचतोय. वाटतं, या खेपेला वाचली तर सापडेल रंग.

शहेजाद : काका, एक बोलू? रागावू नका. हे मी पुसून देऊ शकत नाही. विकूही शकत नाही आता. दुकानात कॅमेरा आहे. उद्या कुणी विचारलं, कुणाकडून साफ केली, तर मी काय सांगू? माझ्याही घरी मुलंबाळं आहेत.

रंगराव : म्हणून तर घरी पुसणार होतो. तुम्हीच आलात फवारा घेऊन.

शहेजाद : मी चीक समजत होतो हो! माझ्या हातात बघा, अर्धा रंग या वडीवर आलाय. आता हिचं काय करू? टाकू तरी कुठे?

वेणूबाई : टाकू नका. कागदात गुंडाळून द्या मला.

रंगराव : वेणू, ती बाई मेली तर?

वेणूबाई : असं बोलू नका.

रंगराव : मी थांबलोही नसेन. बातमीत लिहिलंय ना, थांबली नाही म्हणून. म्हणजे ती रस्त्यात पडली आणि मी तिच्याकडे बघत पुढे निघून गेलो. असा माणूस आहे का मी? मला वाटत नाही. पण काल कसा होतो ते मला कुठे माहीत आहे?

वेणूबाई : उठा.

रंगराव : कुठे?

वेणूबाई : धायरीला. चंद्रभागेच्या दारापासून चालत निघू. जे असेल ते तिथेच कळेल.

रंगराव : पोलीस असतील तिथे.

वेणूबाई : असू देत.

रंगराव : आधी अपेक्षाला फोन करू. नको, नको. तिला नको. ती दिवाळीपासून म्हणतेय, बाबा, गाडी बंद करा. तिला कळलं, तर ती मला खुर्चीतून उठू देणार नाही.

वेणूबाई : अपेक्षाचं नंतर बघू. उठा आता.

रंगराव : मला भीती वाटते गं.

वेणूबाई : मलाही वाटते. घरी बसून घाबरायचं ते तिथे जाऊन घाबरू. उठा.

शहेजाद : काकू, गाडी राहू दे इथेच. यांना चालवू देऊ नका. रिक्षा थांबवतो मी. काका, किल्ली द्या.

रंगराव : घेऊन जा. चोरीला गेली तर उपकार होतील.

शहेजाद : कव्हर टाकून ठेवतो. काही पुसणार नाही, काही लावणार नाही. आणि काका... काय ते कळलं की मला एक फोन करा. मलाही आज जेवण जाणार नाही.

(धायरी. रिक्षा सोडून दोघे चंद्रभागेच्या घरापासून मुख्य रस्त्याकडे पायी निघाले आहेत.)

वेणूबाई : या वळणाने गेला असाल. दुसरी वाटच नाही गाडीला.

रंगराव : मला काही ओळखीचं वाटत नाही. हे दुकान, ही टाकी. पहिल्यांदा पाहतोय असं वाटतंय.

वेणूबाई : सावकाश बघा. घाई नाही.

रंगराव : थांब.

वेणूबाई : काय झालं?

रंगराव : त्या भिंतीला लावलेली स्कूटर बघ. निळी. आरसा नाही तिला. बाजूचा पत्रा चेपलाय.

वेणूबाई : हो. दिसतेय.

रंगराव : तू पुढे हो. मी इथेच थांबतो.

वेणूबाई : मला धरा. कुणीतरी बाहेर येतंय. मी बोलते, तुम्ही गप्प राहा.

तुळजाबाई : अवो काका! परत आला व्हय? अन् आज चालत?

वेणूबाई : तुम्ही ओळखता यांना?

तुळजाबाई : वळखते की. काल आमच्या सुनेची गाडी पाडली ती यांनीच न्हवं का. या, उन्हात का हुबं ऱ्हायला? ह्या कोन, तुमच्या मालकीण?

रंगराव : कशी आहे ती?

तुळजाबाई : कोन?

रंगराव : तुमची सून. शुद्धीवर आली का?

तुळजाबाई : तिला काय धाड भरलीय? आत भाकरी थापतीय. गाडीवर कुनीच नव्हतं, काका. रिकामी हुबी व्हती भिताडाला.

रंगराव : पेपरात आलंय. बाईला उडवलं म्हणून.

तुळजाबाई : ती फाट्यावरची! काळी गाडी व्हती ती, भली थोरली. धा लोकांनी बघितली. रातीच धरला त्याला. बाई पन डोळं उघडून बोलली म्हनं सकाळी. तुमचा काय संबंध त्याच्याशी?

वेणूबाई : अहो... अहो, बसा. इथे कट्ट्यावर बसा. डोकं खाली घ्या.

तुळजाबाई : अगं ए, पानी आन गं! काका, रडता कशापायी? येवढं काय झालं न्हाई. आरसा काय, नवा बसंल.

वेणूबाई : ताई, काल काय झालं ते नीट सांगाल का? सगळं.

तुळजाबाई : यांनी सांगितलं न्हाई?

वेणूबाई : यांना आठवत नाही.

तुळजाबाई : आठवत न्हाई? कालचं?

वेणूबाई : नाही.

तुळजाबाई : अगं बया. ...गाडी वळवताना धक्का लागला बघा. आवाज ऐकून म्या भांडायच्या तयारीनंच भाईर आले. तर हे आधीच उतरलेलं. हात जोडलं. सोता स्कूटर उचलली. मग खाली बसून आरशाच्या काचा येचल्या, येकयेक. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या, झाडून घेते. तर म्हनले, पोरं अनवानी फिरत्यात हितं.

रंगराव : मी वेचल्या?

तुळजाबाई : तर वो. तुमच्या बोटाला लागलं बी व्हतं. हळद लावली म्या.

वेणूबाई : मला म्हणाले, कागदाने कापलं.

रंगराव : बाई, मी थांबलो होतो?

तुळजाबाई : थांबला की. चांगलं अंधार पडायला लागंस्तवर बसला हितं. चहा घेतला. मग इचारलं, कोथरूडला कसं जायचं. सांगितलं. गाडीत बसला, परत उतरला अन् परत तेच इचारलं. तवा मला बरं वाटंना. म्या म्हनलं, घरी फोन लावा कुनाला तरी. तर म्हनले, नको, आई काळजी करत बसंल.

वेणूबाई : आई?

तुळजाबाई : व्हय. आई दारात हुबी असंल म्हनले. येवढ्या वयाच्या मान्साची आई, म्या म्हनलं, लई नशीबवान हाईत.

रंगराव : आई गेली तेव्हा आपली अपेक्षा जन्मालाही आली नव्हती.

वेणूबाई : हो.

रंगराव : मला माहीत आहे ते.

वेणूबाई : हो ना.

रंगराव : आत्ता माहीत आहे.

वेणूबाई : उद्या डॉक्टरकडे जाऊ. अपेक्षाला बरोबर घेऊन.

रंगराव : ती किल्ली काढून घेईल.

वेणूबाई : घेऊ दे.

रंगराव : घेऊ दे. सकाळपासून वाटत होतं, ती बाई शुद्धीवर आली की सगळं संपेल. ती आली शुद्धीवर. आणि माझी भीती आहे तिथेच आहे.

तुळजाबाई : चहा टाकते. कालच्यावानी गोड करते.

वेणूबाई : यांना साखर चालत नाही, ताई. बिनसाखरेचा ठेवा.

तुळजाबाई : काल तर दोन कप गोडमिट्ट प्याले!

रंगराव : बाई, एक विचारू का?

तुळजाबाई : इचारा की.

रंगराव : काल मी बायकोचं काही बोललो होतो?

तुळजाबाई : बोलला असाल की.

रंगराव : नाव घेतलं होतं तिचं?

तुळजाबाई : घेतलं व्हतं... घेतलं व्हतं बघा. काय बरं ते... तोंडावर हाय माझ्या...

वेणूबाई : राहू द्या, ताई. अहो, इकडे बघा माझ्याकडे. वेणू. माझं नाव वेणू.