कांबळे साहेबांच्या ट्रंकेतले पासपोर्ट

मंडळी, दाराशी उभे आहात ते थोडे आत या. सतरंजीवर जागा आहे. मला मोठ्यानं बोलता येणार नाही, आणि जे बोलायचं आहे ते सगळ्यांना ऐकू जायला हवं.

वहिनी, तुमच्यासमोर उभं राहणं अवघड आहे. तरी उभा राहिलो आहे.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनी दिनकर कांबळे यांच्याविषयी चांगलंच सांगितलं. देवमाणूस म्हणाले. आधारवड म्हणाले. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला एकेका शब्दाचा संशय येत होता. कारण हेच चौघं सात वर्षं काय बोलत होते ते मी ऐकलेलं आहे. मीही त्यांच्यात होतो.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही एकतीस जण कुवेतमध्ये एका व्यापारी कंपनीत होतो. कारकून, गोदामवाले, विक्रीवाले. सगळे सातारा-सांगलीकडचे. कांबळे साहेब हेडक्लार्क. मी टायपिस्ट. आमचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात असायचे. तिथली पद्धतच तशी होती. मग एका सकाळी रस्त्यावर इराकचे रणगाडे आले. मॅनेजर किल्ली घेऊन निघून गेला. आम्ही कपाटासमोर बसून राहिलो. पासपोर्टशिवाय सरहद्द कशी ओलांडायची?

कपाट साहेबांनी फोडलं. पहारीनं. एकेकाचं नाव वाचून पासपोर्ट हातात दिला. त्या दिवशी आम्ही एका परातीत भात कालवून जेवलो. एकतीस माणसं, एक परात. मग वाळवंट, तंबू, विमान, आणि घर.

युद्ध संपलं. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचे प्रतिनिधी सांगलीला आले. स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. कंपनीला जुनी माणसं परत हवी होती. आम्हालाही जायचंच होतं. पण अटी काय? साहेब म्हणाले, तीन गोष्टी लिहून घ्यायच्या. मागची वर्षं नोकरीत धरायची. दोन वर्षांनी दुसरीकडे काम धरायची मोकळीक द्यायची. आणि पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहील. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन घेऊ नका, म्हणाले.

आणि त्यांनी आमचे पासपोर्ट मागून घेतले. का, तर प्रतिनिधी एकेकाला गाठून सही घेतील म्हणून. आम्ही दिले. रहिमतपूरला त्यांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, एकतीस पासपोर्ट.

कुवेतमध्ये ते कांबळे साहेब होते. इथे आल्यावर ते आमच्या तोंडी नुसते दिनकर झाले. कधी झाले ते कळलं नाही. हे का झालं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी ते फोड करून सांगत नाही.

मग एक दिवस आपल्यातल्या नामदेवानं पाहिलं की साहेब लॉजवर गेले आणि प्रतिनिधींच्या खोलीत तासभर होते. एकटे. परतीच्या एसटीत आपण काय बोललो? आठवतं?

"एकटाच गेलता वर. तासभर."

"एकटा कशाला जाईल?"

"विंग्रजी येतंय न्हवं. काय बोलला, तुला-मला काय कळतंय?"

"आन् पासपोर्ट कुनाच्या घरात हायती? त्याच्याच."

"गड्या, एक कपाट फोडून दुसऱ्या कपाटात घातलं रं आपल्याला!"

सगळी एसटी हसली. मीही हसलो.

"मग माग की तुझा."

"मी कसा मागू? तू माग."

कुणी मागितला नाही. आपल्यात मोठ्या माणसाला तोंडावर विचारत नाहीत. तोंडावर म्हणतात, "तुमी म्हनशीला तसं." आणि पाठीमागे सगळं ठरवून टाकतात. एक प्रश्न होता. वर काय बोलणं झालं? एवढाच. तीस माणसं एसटीत तो प्रश्न एकमेकांना विचारत राहिली. ज्याला विचारायचा त्याला कुणी विचारला नाही.

मी मात्र मागितला. प्रश्न नाही, पासपोर्ट.

रहिमतपूरला घरी गेलो. म्हणालो, बँकेत दाखवायचा आहे. खोटं होतं. साहेबांनी ट्रंक उघडली. तिला कुलूप नव्हतं. मला वाटलं होतं नाही म्हणतील, काहीतरी कारण काढतील. मला ते हवं होतं. संशय खरा ठरला असता. त्यांनी पासपोर्ट काढून दिला. म्हणाले, "घे की. तुझाच हाय." मग म्हणाले, "विलास, कंपनीवाल्यांच्या परवाच्या बैठकीपर्यंत संभाळ."

वहिनी, तुम्ही चहा आणलात. मी घाईत आहे म्हणून घेतला नाही. घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉजवर गेलो. प्रतिनिधी चांगले बोलले. खुर्ची दिली. हसत म्हणाले, तुमचे ते कांबळे विचित्र माणूस. परवा तासभर बसले आणि एकच वाक्य बोलत राहिले. पासपोर्ट माणसाकडे राहील. आम्ही त्यांना म्हटलं, तुमच्या एकट्याचा राहू द्या तुमच्याकडे, पगारही वाढवतो. तर म्हणाले, एकतीस.

मंडळी, हे मला तेव्हाच कळलं. आज नाही. त्या खोलीत, त्या खुर्चीवर. संशय तिथे संपला होता. कराराचा कागद समोर होता, त्यात पासपोर्टची अट नव्हती. मी उठून परत येऊ शकलो असतो.

मी सही केली.

का केली? सात वर्षं उत्तर शोधतोय. घरचे लग्नाचं बघत होते. इतर तीस जणांतला कुणीतरी आधी जाईल अशी भीती होती. ही कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. तुम्हालाही वाटू नयेत.

बैठकीत प्रतिनिधींनी म्हटलं, तुमच्यातला एक जण सही करून गेलाय, नाव सांगणार नाही. सगळ्यांनी कुणाकडे पाहिलं? साहेबांकडे. एकटं वर कोण गेलं होतं? तेच. आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रंकेतून एकच पासपोर्ट बाहेर गेला होता. त्यांना विचारायची गरज नव्हती.

माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, नंतर कधी घेतलं नाही. ती दया होती, की मी ते आयुष्यभर वाहावं अशी इच्छा होती? मला माहीत नाही. मी त्याचाही संशय घेत आलो.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ट्रंकेतून पासपोर्ट नेले. सह्या झाल्या. मागची वर्षं धरली गेली. बाकी दोन्ही गोष्टी गेल्या. साहेबांना कंपनीनं घेतलं नाही. त्यावर आपण काय म्हणालो? "त्याला कंपनीचा पैसा हितंच बसून पोचतोय." तो माणूस कोरेगावला कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरत होता, आणि आपण तिकडून सुट्टीवर आलो की त्याच्या समोरून न बोलता जात होतो.

शंकर, तू तिथे खांबाशी बसलायस. तुझी आई गेली तेव्हा तुझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि किल्ली ज्यांच्याकडे ते तिथले अधिकारी सुट्टीवर होते. तू कपाटापुढे बसून राहिलास. घरी पोचलास तो तेराव्याला. तेव्हा तू मला म्हणालास, "त्या दिनकरनं इकलं रं आपल्याला." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

शंकर, ते मी केलं. दिनकर कांबळे यांनी नाही.

हे मी आज सांगतोय, माणूस गेल्यावर. काल सांगता आलं असतं. गेल्या वर्षी सांगता आलं असतं. तेव्हा या कबुलीकडेही संशयानंच बघा. तिचा उपयोग साहेबांना काही नाही. कदाचित मलाच आहे.

आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे. शंकर, माझ्या शेजारी उभं राहायचं नसेल, तर तू हलू नकोस. मी बाहेर अंगणात जातो आणि तिथे उभा राहतो. माझी चप्पल दाराशीच आहे. वहिनी, तुम्ही सांगाल तेव्हा आत येईन. नाही सांगितलंत तरी चालेल.

साहेब, जय भीम.

उठा मंडळी.