बदकांना फाटक उघडं, लव्हाळ्याला कुलूप

बदकं आत जातात आणि मी बाहेर उभी राहते, हा कुठला न्याय? थोरल्या जावेची बदकं माना डोलवत दलदलीच्या फाटकातून शिरतात आणि संध्याकाळी टम्म होऊन बाहेर येतात. मी मात्र विळा घेऊन पहारेकऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते. म्हणतो, "मावशी, बदकं कोर्टाच्या आदेशात आहेत. तुम्ही नाही."

माझ्या वकीलबाई खुणावतायत, आधी मानाचं बोला. बोलते. समारंभाचे अध्यक्ष, शुक्रवारी निवृत्त होणारे आपले न्यायाधीश साहेब, शेजारी बसलेल्या त्यांच्या बाईसाहेब, वकील मंडळी, कारकून, शिपाई, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसलेल्या माझ्या जाऊबाई, सगळ्यांना नमस्कार. दलदलीकाठच्या वस्तीतर्फे खरं तर जाऊबाईच बोलणार होत्या. पण सकाळपासून त्यांचा घसा बसलाय. देव आहे म्हणायचा.

आधी साहेबांचे उपकार सांगते. गोदामवाले दलदल बुजवायला निघाले होते. त्यांचा वकील म्हणाला, नुसता चिखल आहे, कुणाला काय उपयोग? साहेबांनी त्यालाच विचारलं, पुराचं पाणी जिरवतं कोण? विहिरींना गाळून पाणी पुरवतं कोण? दलदल हे फुकट करते, म्हणून ते काम नव्हे का? उद्या ती नसली तर तुम्ही करणार का? निसर्ग जे देतो तेही तराजूत घालायचं, असं साहेबांनी निकालात लिहिलं. आमची घरं वाचली. विसरले नाही मी.

पण घालायचं तर सगळं घालायला नको?

निकालाआधी साहेब पाहणीला आमच्या अंगणात आले होते. आमच्या घरची रीत अशी, की बाहेरचं माणूस आलं की थोरलीनं बोलायचं, धाकटीनं पाणी द्यायचं. मी पाणी दिलं. साहेब चटईवर बसले, "गार आहे हो," म्हणाले, आणि विचारलं, "ही दलदल तुम्हाला काय देते?" झालं! जाऊबाई सुरू. बदकं. बदकांची अंडी. बदकांची पिल्लं. मी दारातून खुणा करून थकले, तर माझ्यावरच डोळे वटारले. अहो साहेब, तुम्ही बसला होतात ती चटई त्याच दलदलीतल्या लव्हाळ्याची होती, माझ्या हातची!

निकालात आलं काय? एका रहिवासी महिलेनं सांगितल्यानुसार बदकांना मुभा, बाकी सगळ्यांना मनाई.

मी म्हटलं, "जाऊबाई, लव्हाळ्याबद्दल एक शब्द टाकला असतात तर जीभ झिजली असती?"

"मला विचारलं ते मी सांगितलं. तुला तोंड नव्हतं?"

"तुम्ही उघडू दिलंत?"

तेव्हापासून त्या 'रहिवासी महिला' झाल्यात. पेपरवाले फोटोला येतात. मला म्हणतात, मावशी, जरा बाजूला व्हा, बदकं झाकली जातायत. हो, जळते मी. जाऊबाईंवर जळते, बदकांवर जळते. त्या दलदलीवरसुद्धा जळते. ती नुसती पडून असते, तरी तिच्या कामाची कोर्टानं दखल घेतली. मी जन्मभर वाकून विणतेय, मला कुणी विचारलं?

लव्हाळा आता कापणीला आलाय. एकदा फुलोरा धरला की काडी कडक होते, वाकवली की मोडते. मग वर्षभर मी विणू काय? काठाकाठानं, हातानं कापू द्या, एवढाच वकीलबाईंचा अर्ज आहे. त्यानं दलदलीचं काही बिघडत असेल तर तसं सांगा, मी मुकाट घरी बसेन. पण अर्ज नुसता पडून आहे. नवे साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून पाहणी, आणि तोवर जाऊबाईंचा घसा सुटलेला असेल!

हसू नका. मला इथं बोलू दिलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. साहेब, तुम्हाला आणि बाईसाहेबांना भरपूर आयुष्य लाभो. माझं शिक्षण बेताचं, काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. पण अर्ज पोटात घालू नका. शुक्रवारी तुम्ही खुर्चीवरून उठायच्या आत मला उत्तर हवंय. हो तर हो, नाही तर नाही. मी सकाळपासून कोर्टाच्या दाराशी बसलेली असेन.